लॉक काढलंस, पण तू नक्की कुठल्या सीपीयूवर आहेस?

प्रश्न विचारणारी मुलगी माटुंग्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून तिने लिनक्सच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) चढवायचं छोटंसं नेटफिल्टर मॉड्यूल लिहिलंय. नेटफिल्टर म्हणजे नेटवर्कच्या पॅकेटांवर नजर ठेवायची कर्नलमधली सोय. काम एकच, येणारी-जाणारी पॅकेटं मोजणं. आधी एक काउंटर आणि त्यावर स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत सीपीयूला जागच्या जागी घुटमळत ठेवणारं कुलूप) होता. मग कुणीतरी सांगितलं की दर सीपीयूला वेगळा काउंटर दिला की लॉक लागतच नाही. म्हणून तिने आठ कोअरच्या मशीनवर चौसष्ट बिटांचे आठ काउंटर एका अ‍ॅरेत ठेवले. एसएमपी_प्रोसेसर_आयडी, म्हणजे आपण कितव्या सीपीयूवर आहोत, ते विचारायचं, त्या नंबरच्या घरात एक मिळवायचा. वेग फारसा वाढला नाही. वर डीबग पर्याय चालू असलेल्या कर्नलने लॉगमध्ये बोंब ठोकली की प्रीएम्प्टिबल कोडमध्ये, म्हणजे मध्येच थांबवून बाजूला काढता येईल अशा कोडमध्ये, एसएमपी_प्रोसेसर_आयडी वापरताय. मित्र म्हणाला, नावापुढे 'रॉ_' लाव, गप्प बसेल. तिचं विचारणं असं: वेग का नाही वाढला, कर्नल का ओरडतोय, आणि मित्राचं ऐकू का?

मित्राचं ऐकू नकोस. बाकीचं सविस्तर सांगतो.

आधी वेगाचं, कारण ते सोपं आहे. आठ घरं, प्रत्येकी आठ बाइट, म्हणजे चौसष्ट बाइट. एक्स८६ प्रोसेसरांवर एक कॅशलाइन (कॅश म्हणजे सीपीयूजवळची छोटी वेगवान मेमरी, लाइन म्हणजे तिचा एका वेळी हलणारा तुकडा) तेवढीच असते. म्हणजे तुझा अख्खा अ‍ॅरे एका लाइनीत बसला, फार तर दोन लाइनींवर सांडला. सीपीयू एकमेकांशी बाइटांचा नाही, लाइनींचा व्यवहार करतात. कोअर शून्यने आपल्या घरात लिहिलं की बाकी सातांकडच्या त्या लाइनीच्या प्रती बाद. कोअर एकला स्वतःच्या घरात लिहायचं तर लाइन आधी ओढून आणावी लागते. स्वतःच्या एल-वन, म्हणजे सगळ्यात जवळच्या, कॅशमध्ये चार-पाच सायकलचं काम, तेच दुसऱ्या कोअरकडून आणताना दहापटींनी महागतं, सॉकेट बदलला, म्हणजे तो कोअर दुसऱ्या चिपवर असला, तर आणखीच. लॉक गेलं, पण लॉकमुळे जी लाइन इकडून तिकडे नाचत होती तिच्या जागी दुसरी नाचायला लागली. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. 'पर्फ सी-टू-सी' हे मोजमापाचं टूल चालवून बघ, तुझी लाइन यादीत सगळ्यात वर दिसेल.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे प्रत्येक घर फुगवून चौसष्ट बाइटांचं करायचं. आठ कोअरला चालेल. पण कर्नल काही तुझ्या एका मशीनसाठी बांधलेला नसतो. मोठ्या डिस्ट्रो (तयार लिनक्स) कर्नलमध्ये एनआर_सीपीयूएसची, म्हणजे जास्तीत जास्त सीपीयूंची, मर्यादा ८१९२ असते. त्या मापाने अ‍ॅरे केलास तर एका काउंटरला ५१२ केबी जातात, आणि तेही बहुतेक एकाच न्यूमा नोडच्या (काही सीपीयूंना जवळ, बाकीच्यांना लांब असलेल्या गटाच्या) मेमरीत. म्हणून लिनक्स मांडणी उलटी करतो. काउंटरनुसार सीपीयूंची घरं लावण्याऐवजी सीपीयूनुसार सगळे काउंटर एकत्र ठेवतो. डिफाइन_पर_सीपीयू ने जाहीर केलेली सगळी व्हेरिएबल्स एका खास सेक्शनमध्ये जातात. बूट होताना त्या सेक्शनची प्रत्येक संभाव्य सीपीयूसाठी एकेक प्रत निघते, शक्यतो त्या सीपीयूच्या जवळच्या मेमरीत. आता एका लाइनीवरचे शेजारी एकाच मालकाचे असतात. फुगवायची गरज नाही, उलट खेटून बसले तर बरंच. चालू कर्नलमध्ये लागेल तशी जागा मिळावी म्हणून अ‍ॅलॉक_परसीपीयू आहे. त्यामागचा आजचा अ‍ॅलोकेटर तेजुन हिओ यांचा, २००९ सालातला.

इथपर्यंत पुस्तकात मिळतं. मुलं अडकतात ती इथून पुढे.

दादर स्टेशनच्या तिकीट खिडक्या डोळ्यासमोर आण. प्रत्येक खिडकीला स्वतःचा गल्ला, शिफ्ट संपली की हिशोब. गल्ला वेगळा असल्यामुळे शेजारच्याला विचारावं लागत नाही, रांगा झपझप सरकतात. आता समज, दोन नंबरच्या खिडकीवरचा क्लार्क आपल्या वहीतला तिकिटांचा 'एकेचाळीस' हा आकडा मनात धरून बसलाय, आणि तेवढ्यात साहेब त्याला उठवून पाचव्या खिडकीवर पाठवतात. त्याच्या जागी दुसरा येतो, जोरात तिकिटं फाडतो. तासाभराने पहिल्याला आठवतं की आपण दोन नंबरच्या वहीत 'बेचाळीस' लिहायचं राहिलं. तो पाचवरून उठून येतो आणि लिहून टाकतो.

तुझ्या कोडमध्ये हुबेहूब हेच होतं. एक प्रोसेस यूडीपी पॅकेट पाठवतेय, तुझा बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचा हूक (प्रत्येक पॅकेटासाठी कर्नल बोलावतो ते तुझं फंक्शन) सीपीयू दोनवर चालू आहे. नंबर विचारला, दोन आला. घर दोनमधून ४१ रजिस्टरमध्ये घेतले. टाइमर वाजला, शेड्युलरने (कोण कधी कुठल्या सीपीयूवर चालेल ते ठरवणाऱ्या भागाने) तुझी प्रोसेस बाजूला काढली आणि थोड्या वेळाने पाचवर लावली. मधल्या काळात सीपीयू दोनने आणखी दोन हजार पॅकेटं मोजली, घरात २०४१ आहेत. तुझा कोड जिथे थांबला होता तिथून पुढे जातो आणि घर दोनमध्ये ४२ लिहितो. दोन हजार पॅकेटं हवेत. कुठेही क्रॅश नाही, डीबग पर्याय बंद असेल तर लॉगमध्ये अक्षर नाही.

कर्नल ज्याबद्दल ओरडत होता ते हेच. एसएमपी_प्रोसेसर_आयडी जे उत्तर देतं ते विचारलं त्या क्षणी खरं असतं, पुढच्या ओळीला खरं असेलच असं नाही. 'रॉ_' लावल्याने उत्तर जास्त खरं होत नाही, फक्त तपासणी बंद होते. ते लॉगमध्ये छापण्यासाठी किंवा कुठली रांग निवडू याचा नुसता अंदाज घेण्यासाठी ठीक आहे. लिहिण्यासाठी नाही.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली असेल तर कौतुक आहे: तक्रार फक्त जाणाऱ्या पॅकेटांना आली असणार. येणारी पॅकेटं सॉफ्टआयआरक्यूमध्ये (इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरची मध्येच आलेली हाक, त्यानंतरचं काम कर्नल जिथे उरकतो तिथे) हाताळली जातात, तिथून तुला कुणी उचलून दुसऱ्या सीपीयूवर नेत नाही. जाणारी पॅकेटं मात्र बऱ्याचदा थेट प्रोसेसच्या संदर्भात हूकपर्यंत पोचतात. आणि मित्राच्या मशीनवर काहीच ओरडलं नसेल तर त्याचा कर्नल बहुधा प्रीएम्प्शनशिवायचा आहे किंवा डीबग पर्याय बंद आहे. त्याच्याकडे चाललं म्हणून बरोबर आहे असं होत नाही.

मग 'मी कुठे आहे' हे उत्तर टिकवायचं कसं? रस्ते दोन.

एक, हलायचंच नाही. गेट_सीपीयू_व्हार प्रीएम्प्शन बंद करून तुला तुझी प्रत देतं, पुट_सीपीयू_व्हार ते परत चालू करतं. या दोघांच्या मध्ये झोपायला, म्हणजे कशाची तरी वाट बघत सीपीयू सोडायला, सक्त मनाई. म्युटेक्स (वाट बघताना झोपवणारं लॉक) नको, जीएफपी_कर्नलवालं केमॅलॉक (मेमरी मागणं) नको, कॉपी_फ्रॉम_यूजर (युजर प्रोग्रॅमच्या मेमरीतून डेटा आणणं) नको. शेवटचं जास्त फसवं, कारण एरवी ते निमूट चालतं आणि युजरचं पान मेमरीत नसेल त्याच दिवशी अडतं: ते पान आणायला झोपावं लागतं, आणि इथे झोपता येत नाही.

दुसरा रस्ता मला अजूनही देखणा वाटतो. विचारणं आणि वाढवणं एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये करायचं. चौसष्ट बिटांच्या एक्स८६ वर कर्नलमध्ये असताना जीएस या सेगमेंट रजिस्टरचा बेस (त्यात ठेवलेला सुरुवातीचा पत्ता) त्या त्या सीपीयूच्या पर-सीपीयू भागाकडे रोखलेला असतो. धिस_सीपीयू_इन्कचं भाषांतर होतं एका ओळीत: जीएस अधिक ऑफसेट, तिथे एक वाढव. इंटरप्ट दोन इन्स्ट्रक्शनांच्या मध्ये येतो, एकीच्या पोटात नाही. त्यामुळे शेड्युलर तुला या ओळीच्या आधी हलवेल, मग तू नव्या सीपीयूच्या घरात वाढवशील, किंवा नंतर हलवेल. दोन्हीकडे बेरीज बरोबर. दुसऱ्या सीपीयूंना थोपवणारा इन्स्ट्रक्शनचा लॉक प्रीफिक्सही लागत नाही, कारण दुसरा सीपीयू या घरात लिहीतच नाही. कुठल्या घरात वाढलं याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, हे कबूल केल्यावर इतकं स्वस्त पडतं.

सगळ्या प्रोसेसरांना हे जमत नाही. आर्म६४ वर ऑफसेट टीपीआयडीआर_ईएल१ नावाच्या सिस्टिम रजिस्टरमध्ये असतो. तो आधी वाचावा लागतो, मग बेरीज, म्हणजे मध्ये फट राहिली. म्हणून तिथे तेच फंक्शन आतल्या आत प्रीएम्प्शन बंद-चालू करतं. जिथे काहीच सोय नाही तिथे जनरिक कोड क्षणभर इंटरप्ट बंद करतो. तुला कॉल तोच लिहायचाय. फक्त दोन अंडरस्कोअर आधी लावलेला __धिस_सीपीयू_इन्क वेगळा, ती हमी देत नाही. आणि तुला हमी हवीच आहे, कारण जाणाऱ्या पॅकेटाची मोजणी चालू असतानाच त्याच सीपीयूवर सॉफ्टआयआरक्यू घुसून येणारं पॅकेट मोजू शकतो. प्रीएम्प्शन बंद करून इंटरप्ट थांबत नाहीत, हे लोक कायम विसरतात.

जीएसबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण या एका रजिस्टरने बऱ्याच जणांच्या रात्री खाल्ल्या आहेत. युजर प्रोग्रॅमचाही जीएस असतो. म्हणून कर्नलमध्ये शिरताना स्वॅपजीएस ही इन्स्ट्रक्शन युजरचा बेस बाजूला ठेवून कर्नलचा आणते, परतताना उलट. ती बरोबर एकदाच चालली पाहिजे. युजरमधून आलो तर करायची, कर्नलमध्येच असताना इंटरप्ट आला तर नाही करायची. चुकून दोनदा झाली की कर्नल युजरने दिलेल्या पत्त्याला आपला पर-सीपीयू भाग समजतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०१९-११२५ ही स्पेक्टरच्या जातीची (प्रोसेसर अंदाजाने पुढे धावतो त्यातून माहिती गळणारी) खोड याच फांदीवरची: 'करायची की नाही' या निर्णयाचा प्रोसेसरने चुकीचा अंदाज बांधला तर स्वॅप न करताच पुढचे लोड सट्ट्यावर चालायचे. आणि ५.९ कर्नलपासून युजरला जीएसचा बेस थेट लिहायची मुभा मिळाली, तेव्हा एनएमआयसारख्या (बंद न करता येणाऱ्या इंटरप्टसारख्या) कुठूनही टपकणाऱ्या एंट्रीत बेसकडे बघून 'हा कर्नलचा' असं ओळखणंच संपलं. मग सीपीयूचा नंबर काढतात कुठून? जीडीटी, म्हणजे प्रोसेसरचा सेगमेंटांचा तक्ता, त्यातल्या एका सेगमेंटच्या लिमिटमध्ये तो आधीच लिहून ठेवलेला असतो, तिथून. पर-सीपीयू मेमरी शोधायला पर-सीपीयू मेमरी चालत नाही, म्हणून असा चोरकप्पा.

हीच कोंबडी-अंड्याची गोष्ट तू वर्गात पाहिली असशील, फक्त कुणी बोट ठेवून दाखवली नसेल. एमआयटीची एक्सव्ही६ ही शिकवण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम उघड, रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवाली. तिथे हार्टचा (रिस्क-फाइव्हच्या भाषेत कोअरचा) नंबर टीपी रजिस्टरमध्ये असतो आणि मायसीपीयू हे फंक्शन त्यावरून त्या सीपीयूच्या स्ट्रक्टचा पत्ता काढतं. वर कॉमेंट आहे की इंटरप्ट बंद असलेच पाहिजेत. आता पुश_ऑफ हे इंटरप्ट बंद करणारं फंक्शन वाच. इंटरप्ट चालू होते का हे आधी एका लोकल व्हेरिएबलमध्ये घेतात, मग इंटरप्ट बंद करतात, आणि त्यानंतरच मायसीपीयूमध्ये ते नोंदवतात. सरळ मायसीपीयूमध्येच का नाही लिहीत? कारण बंद करायच्या आधी 'माझा सीपीयू' हा शब्दच भरवशाचा नाही. तीन-चार ओळींचा क्रम आहे, पण मी इंटरव्ह्यूत उमेदवाराला तोच उलटा करून दाखवतो आणि काय बिघडेल विचारतो. जुन्या एक्स८६ आवृत्तीत मायसीपीयू एपिक आयडी (इंटरप्ट कंट्रोलरकडचा सीपीयूचा नंबर) वाचून सगळ्या सीपीयूंच्या यादीत शोधत बसायचं. संथ, पण शिकवायला झकास.

लिहिणं झालं. आता वाचणं, आणि इथे मी स्वतः तोंडावर पडलोय.

काही वर्षांपूर्वी एका स्टोरेज उत्पादनावर काम करत होतो, ऐरोलीला ऑफिस. एका वेळी हजारापेक्षा जास्त रिक्वेस्ट डिस्ककडे जाऊ द्यायच्या नाहीत असा नियम होता. त्यासाठीचा काउंटर गरम झाला, म्हणजे सगळे सीपीयू त्याच्यावर तुटून पडायला लागले, म्हणून मी तो मोठ्या उत्साहाने परसीपीयू_काउंटरवर नेला. त्याची रीत अशी: प्रत्येक सीपीयू आपल्याकडे थोडं साठवतो आणि साठा 'बॅच'ला पोचला की मुख्य आकड्यात ओततो. परसीपीयू_काउंटर_रीड फक्त मुख्य आकडा वाचतं, म्हणून स्वस्त. बॅच किती? बत्तीस किंवा चालू सीपीयूंच्या दुप्पट, जे मोठं ते. माझ्या टेबलावरच्या मशीनला चार कोअर, म्हणजे चूक जास्तीत जास्त सव्वाशेच्या आसपास. मला चालणारी होती. ग्राहकाकडच्या मशीनला चौसष्ट. बॅच १२८, गुणिले ६४, म्हणजे आठ हजारांच्या वर. हजाराच्या मर्यादेवर आठ हजारांची चूक! मुख्य आकडा शून्य दाखवतोय आणि खाली डिस्क हजारो रिक्वेस्टखाली दबलीय, असं चित्र. आमच्याकडे काही केल्या दिसेना, कारण लॅबमध्ये एवढं मोठं मशीनच नव्हतं. शेवटी कागदावर गुणाकार करून सापडलं, संध्याकाळच्या ठाणे लोकलमध्ये उभ्याने.

दुरुस्ती म्हणून परसीपीयू_काउंटर_कम्पेअर वापरलं. ते आधी ढोबळ आकडा मर्यादेपासून पुरेसा लांब आहे का बघतं. लांब असेल तर तसंच उत्तर देतं, जवळ असेल तरच सगळ्या सीपीयूंची खरी बेरीज करायला बसतं. कर्नलला स्वतःलाही हे दुखणं आहे. मेमरीच्या मोकळ्या पानांचा हिशोब झोनमागे (मेमरीच्या प्रत्येक विभागामागे) असाच सीपीयूंत विखुरलेला असतो, म्हणून मेमरी तळाला लागल्यावर ढोबळ आकड्यावर विसंबत नाहीत, सगळ्या सीपीयूंकडचे सुटे धरून बेरीज करतात. तुझ्या पॅकेट-मोजणीला यातलं काही नको, तुला स्क्रीनवर दाखवायचा आकडा हवाय आणि तो क्षणभर जुना असला तर बिघडत नाही. पण उद्या त्याच आकड्यावर 'इतकी झाली की थांबव' असा नियम लावलास, तर मला आठव.

आणखी एक गंमत दिसेल. समजा पुढे तू 'सध्या हातात असलेली पॅकेटं' मोजायला लागलीस, आली की एक वाढव, सुटली की एक कमी. पॅकेट सीपीयू एकवर येतं, सुटतं चारवर. एकचा आकडा फुगत जातो, चारचा शून्याखाली जातो, आणि अनसाइन्ड असेल तर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ असला भीतीदायक नंबर दिसतो. घाबरू नकोस, बेरीज चौसष्ट बिटांत गुंडाळून बरोबर येते. एकट्या सीपीयूच्या आकड्याला अर्थ नसतो. एका विद्यार्थ्याने तो 'निगेटिव्ह झाला तर शून्य कर' असा दुरुस्त केला होता. बेरीज कायमची गेली.

बेरीज करताना फॉर_ईच_ऑनलाइन_सीपीयू नको, फॉर_ईच_पॉसिबल_सीपीयू घे. सीपीयू ऑफलाइन गेला तरी त्याने मोजलेली पॅकेटं मोजलेलीच असतात. आणि ऑफलाइन जाणं ही फक्त डेटा सेंटरची भानगड नाही, एस३ प्रकारात झोपणाऱ्या लॅपटॉपचं झाकण लावलंस की बूट सीपीयू सोडून सगळे ऑफलाइन जातात. काउंटरचं एवढ्यावर भागतं. पर-सीपीयू रांग असेल, तिच्यात काम पडलेलं असेल, तर मात्र सीपीयू जाताना ती दुसरीकडे उपसणारा हॉटप्लग कॉलबॅक लिहावाच लागतो.

रिअल-टाइम, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर देणाऱ्या, कर्नलबद्दल थोडक्यात, कारण ६.१२ पासून प्रीएम्प्ट_आरटी मुख्य लिनक्समध्येच आहे आणि उद्या कुणीतरी तुझं मॉड्यूल त्यावर चालवेलच. तिथे प्रीएम्प्शन जास्त वेळ बंद ठेवणं हा गुन्हा. एकापेक्षा जास्त फील्डं एकत्र जपायची असतील तर ५.८ मध्ये आलेलं लोकल_लॉक वापर. साध्या कर्नलवर ते प्रीएम्प्शन बंद करतं, आरटीवर खरंखुरं लॉक होतं. शिवाय कोण काय जपतंय ते कोडमध्ये नावानिशी दिसतं. मायग्रेट_डिसेबलवर भिस्त ठेवू नकोस. ते तुला त्या सीपीयूवर खिळवतं, पण दुसरा टास्क त्याच सीपीयूवर येऊन त्याच घरात हात घालू शकतो.

तर तुझ्या मॉड्यूलपुरतं. अ‍ॅरे काढून टाक. मॉड्यूल चढताना अ‍ॅलॉक_परसीपीयूने यू६४ घे, पॉइंटर नल आहे का बघ. हूकमध्ये फक्त धिस_सीपीयू_इन्क. ना गेट_सीपीयू, ना नंबर विचारणं. वाचताना पॉसिबल सीपीयूंवर फिरून पर_सीपीयू_पीटीआरने बेरीज. बत्तीस बिटांच्या बोर्डावर चालवणार असशील तर चौसष्ट बिटांचा आकडा दोन तुकड्यांत वाचला जातो आणि अर्धा जुना-अर्धा नवा हाती लागू शकतो, त्यासाठी नेटवर्क ड्रायव्हर यू६४_स्टॅट्स_सिंक वापरतात. तुझ्या मशीनला नको. उतरताना आधी हूक काढ, मग सिंक्रोनाइझ_नेट, आणि शेवटी फ्री_परसीपीयू. सिंक्रोनाइझ विसरलीस तर एखाद्या कोअरवर अजून हूकमध्ये असलेलं पॅकेट परत दिलेल्या मेमरीत एक मिळवेल, आणि ती मेमरी तोवर दुसऱ्याच कुणाच्या काउंटरला मिळालेली असेल.